सौताडा, कपिलधार आणि पाण्याखालचा दगड: पावसाळ्यातले धबधबे जीवघेणे का ठरतात?

२९ जुलै २०२४ रोजी एक फोटो जगभर व्हायरल झाला. ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेडिना समुद्रावर हवेत ताठ उभा आहे, एक बोट आकाशाकडे आणि शेजारी त्याचा सर्फबोर्डही तसाच उभा. पॅरिस ऑलिंपिकमधली सर्फिंगची स्पर्धा पॅरिसपासून सुमारे १५ हजार ७०० किलोमीटर दूर, ताहिती बेटावरच्या तेआहुपो इथं भरली होती. जगातल्या सर्वांत धोकादायक लाटांमध्ये या जागेचं नाव घेतलं जातं. मेडिनाला त्या लाटेसाठी १० पैकी ९.९० गुण मिळाले आणि तो सुखरूप परतला.

त्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्रात एक वेगळा व्हिडिओ फिरत होता. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला असलेल्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभं होतं. पाणी वाढत गेलं आणि काठावरच्या लोकांसमोर ते वाहून गेले. पाच जणांचा मृत्यू झाला, त्यात चार मुलं होती. पुढे १६ जुलैला रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील शूट करताना मुंबईतल्या एका तरुणीचा सुमारे ३०० फूट खोल दरीत पडून मृत्यू झाला.

दोन्हीकडे पाणी जीवघेणंच होतं. तरी एका ठिकाणी पदकं वाटली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी मृतदेह शोधावे लागले. हा फरक कशामुळे पडतो? आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न दर पावसाळ्यात का विचारायला हवा? समजून घेऊया.

रीफ ब्रेक म्हणजे काय?

तेआहुपोची लाट ज्या प्रकारात मोडते, त्याला सर्फिंगच्या भाषेत 'रीफ ब्रेक' म्हणतात. खोल समुद्रातून येणारी लाट अचानक पाण्याखालच्या खडकावर किंवा प्रवाळाच्या कट्ट्यावर येते. तिचा खालचा भाग अडतो, वरचा भाग मात्र त्याच वेगाने पुढे जातो आणि लाट नळीसारखी वळून कोसळते. वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू उथळ होत जातो, त्यामुळे लाटही हळूहळू फुटते. रीफवर हे सगळं काही क्षणांत घडतं. लाट जितकी देखणी, तितकंच तिच्याखालचं पाणी उथळ आणि तळ धारदार. सर्फर पडला, तर तो थेट त्या तळावर आपटू शकतो.

थोडक्यात, धोका जितका लाटेत असतो, तितकाच न दिसणाऱ्या तळात असतो.

धबधब्याचं गणित याच्या नेमकं उलट आहे. तिथे उथळ पाणी अचानक खोल होतं. पण न दिसणारा तळ दोन्हीकडे सारखाच. बीडमध्ये पावसाळ्यात जिथे गर्दी होते, त्या जागा बघितल्या की हे लक्षात येतं.

सौताडा आणि कपिलधारला पाणी काय करतं?

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटची डोंगररांग जाते. पाटोदा आणि जामखेडच्या दरम्यान असलेल्या सौताडा इथे विंचरणा नदी याच डोंगराच्या कड्यावरून दरीत कोसळते. खाली दरीत रामेश्वराचं मंदिर आहे, त्यामुळे श्रावणात भाविक आणि पर्यटक अशी दुहेरी गर्दी असते. बीड शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथ स्वामींची समाधी आहे आणि तिथेही धबधबा आहे. शहरातल्या लोकांसाठी आणखी जवळचं ठिकाण म्हणजे पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प. तो भरला की सांडव्यावरून पडणारं पाणी बघायला लोक जातात.

हा सगळा परिसर बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. सगळे थर सारखे कठीण नसतात. वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर पाण्याने झिजत जातो आणि कड्याच्या पायथ्याशी डोह तयार होतो. या डोहाचा तळ सपाट नसतो. एका पावलावर कंबरभर पाणी आणि पुढच्या पावलावर डोक्यावरून पाणी, असं असू शकतं. वरून सुटून पडलेले दगड त्यातच असतात आणि दर पुरात त्यांची जागा बदलते. म्हणजे गेल्या वर्षी जिथे सूर मारला होता, तिथे यंदा दगड असू शकतो.

वर कड्याच्या काठावर वेगळा धोका असतो. सतत ओल्या राहणाऱ्या खडकावर शेवाळ धरतं. ते लांबून हिरवं, मखमली दिसतं. फोटो चांगला येतो, पण चपलेखाली ते साबणासारखं असतं.

गुडघाभर पाण्यात माणूस कसा वाहून जातो?

"पाणी तर गुडघ्याएवढंच होतं," हे वाक्य अशा बातम्यांनंतर हमखास ऐकू येतं. पण वाहत्या पाण्यात खोलीपेक्षा वेग महत्त्वाचा असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो.

एक ढोबळ हिशेब बघा. गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा आहे. पाणी ताशी ७ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडं जास्त वेगाने वाहत असेल, तर दोन्ही पायांवर साधारण ३० ते ३५ किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग ताशी ११ किलोमीटर झाला, की हाच रेटा ७५ किलोच्या आसपास जातो. पायाखाली शेवाळ असेल, तर एवढ्या जोरापुढे कोणीच उभं राहू शकत नाही. एकदा माणूस पडला, की पाण्याला ढकलायला पायांऐवजी पूर्ण शरीर मिळतं. उठून उभं राहणं जवळपास अशक्य होतं.

अशा वेळी एकमेकांचा हात धरणं ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. पण साखळीतल्या एकाचा पाय सुटला, की त्याचा भार दुसऱ्यावर येतो. त्यामुळे अशा घटनांमध्ये एकाच घरातले किंवा एकाच मित्रमंडळातले अनेक जण एकदम जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी अचानक वाढणं. धबधब्यावर ऊन पडलेलं असू शकतं आणि त्याच वेळी काही किलोमीटर मागे, नदीच्या पाणलोटात जोरदार पाऊस सुरू असू शकतो. ते पाणी खडकाळ उतारावरून थोड्या वेळात खाली येतं. बालाघाटच्या उघड्या, कमी झाडीच्या माळावर पाणी जिरायला फारसा वाव नसतो, त्यामुळे ओढे जितक्या लवकर भरतात तितक्याच लवकर ओसरतात. बघणाऱ्याला मात्र वाटतं, की पाणी 'अचानक कुठून तरी' आलं.

पोहता येत असूनही माणसं का बुडतात?

'पट्टीचा पोहणाराच बुडतो' असं गावाकडे म्हणतात. त्यात बरंच तथ्य आहे.

विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेल्या माणसाला स्थिर पाण्याची सवय असते. धबधब्याखालचं पाणी स्थिर नसतं. वरून पडणारं पाणी तळापर्यंत जातं, तिथून पुढे सरकतं, वर येतं आणि त्यातलं काही पुन्हा धबधब्याकडे खेचलं जातं. या फिरत्या प्रवाहात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा पडत्या पाण्याखाली ओढला जातो. बंधाऱ्याच्या आणि सांडव्याच्या खालीही असंच होतं, आणि ते पाणी वरून बऱ्याचदा शांत दिसतं.

त्यात पांढऱ्या फेसाची भर. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. असं पाणी शरीराला नेहमीसारखं उचलून धरत नाही. हात मारला तरी पकड मिळत नाही. चांगला पोहणारा इथेच गोंधळतो, दमतो आणि श्वास घ्यायच्या नेमक्या क्षणी पाण्याखाली जातो.

उंचावरून उडी मारणाऱ्यांसाठीही एक आकडा. १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली, तर पाण्याला स्पर्श होताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. एवढ्या वेगात खाली दगड असेल, तर पोहण्याच्या कौशल्याचा काही उपयोग उरत नाही.

बीडचा प्रश्न वेगळा का आहे?

बीड हा दुष्काळी जिल्हा म्हणून ओळखला जातो. वार्षिक सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आतच. इथल्या बहुतेक ओढ्या-नद्यांना वर्षातले अनेक महिने पाणीच नसतं. त्यामुळे धबधबा सुरू झाला, की 'आत्ता नाही गेलो तर पुढच्या वर्षी' अशी घाई असते. मोठा पाऊस पडला, रील आली आणि रविवार जोडून आला, की गर्दी उसळते. म्हणजे पाणी सर्वांत धोकादायक असतं नेमक्या त्याच दिवशी लोकही सर्वांत जास्त असतात.

दुसरं कारण सवयीचं. पूर्वी गावातली मुलं पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. शिकवायला घरातलं किंवा भावकीतलं कोणीतरी काठावर असायचं. लागोपाठच्या दुष्काळांत विहिरी आटल्या, बोअरवेल आल्या. बोअरमध्ये कोणी पोहायला शिकत नाही. जलतरण तलाव शहरात असले, तरी गावातल्या मुलाला ते परवडत नाहीत आणि जवळही नसतात. वाहत्या पाण्याशी रोजचा संबंध नसलेली एक पिढी वर्षातून एकदाच, तेही पुराच्या पाण्याला भेटते.

आणि पावसाचा स्वभावही बदलतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडसह मराठवाड्याने अतिवृष्टी आणि पूर अनुभवला. जिथे टँकरच्या रांगा बघायची सवय होती, तिथे गावांना पाण्याने वेढा घातला. थोड्या तासांत खूप पाऊस, ही गोष्ट धबधब्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसासाठी फार वाईट बातमी आहे.

रील काय दाखवते आणि काय लपवते?

रीलवर दोष टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण ती नेमकं काय करते हे बघायला हवं. उभ्या फ्रेममध्ये माणूस आणि त्याच्यामागचं पडणारं पाणी मावतं. वरचा प्रवाह, शेवाळलेला खडक, परतीची वाट फ्रेमच्या बाहेर राहते. शिवाय जे सुखरूप परत येतात, तेच रील टाकतात. शंभर जण काठावर उभं राहून परतले, तर शंभर व्हिडिओ दिसतात. त्यावरून जागा सुरक्षित आहे असा समज होतो. घसरता घसरता वाचलेल्याची गोष्ट सहसा पोस्ट होत नाही.

भुशीचा व्हिडिओ इतका हादरवणारा ठरला, कारण एरवी फ्रेमबाहेर राहणारी गोष्ट त्यात लाखो लोकांनी बघितली.

मदत किती दूर आहे?

तेआहुपोला प्रत्येक स्पर्धेच्या वेळी बचाव पथक जेट स्कीवर बसून लाटेच्या बाजूलाच थांबलेलं असतं. सर्फर पाण्याखाली गेला, की काही सेकंदांत त्याच्यापर्यंत पोहोचायची तयारी असते. स्पर्धक वर्षानुवर्षं सराव केलेले असतात. पाणी त्या दिवशी कसं आहे हे बघून स्पर्धा पुढेही ढकलली जाते. धोका आहे, हे तिथे गृहीत धरलेलं असतं.

आता सौताड्याचा विचार करा. मेंदूला ऑक्सिजन मिळणं थांबलं, की साधारण चार ते सहा मिनिटांत कायमची इजा व्हायला सुरुवात होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफची महाराष्ट्रातली तुकडी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. ही पथकं कितीही तत्पर असली, तरी बीडमधल्या दरीत पोहोचायला त्यांना काही तास लागणार. पोलीस आणि अग्निशमन दलालाही अंतर कापावंच लागतं.

म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत मदत करू शकणारी माणसं एकच: जी तिथे आधीपासून आहेत. चहावाला, कणसं भाजणारी बाई, मंदिरातले पुजारी, गावातली पोरं आणि इतर पर्यटक.

बंदी घातली की प्रश्न सुटतो?

भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धोकादायक पर्यटनस्थळांसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढले. खोल पाण्यात उतरणं, धोकादायक ठिकाणी सेल्फी आणि रील काढणं यांवर निर्बंध आले. असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढले जातात. हे जुन्या सीआरपीसीच्या कलम १४४ च्या जागी आलेलं कलम आहे. आदेश मोडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

बंदीचा फायदा आहे. मोठ्या पावसाच्या दिवशी रस्त्यावरच गाड्या अडवल्या, तर जीव वाचतात. पण तिच्या मर्यादाही उघड आहेत. आदेश कागदावर निघतो, धबधब्यावर मात्र पोलीस मोजकेच असतात. एक जागा बंद केली, की गर्दी शेजारच्या अनोळखी ओढ्यावर जाते. तिथे ना फलक असतो, ना दोर, ना माहीतगार माणूस. शिवाय पावसाळ्याच्या थोड्या आठवड्यांवर ज्यांची कमाई चालते, त्या गाववाल्यांना सरसकट बंदी नको असते. तीच माणसं बचावासाठीही सर्वांत उपयोगी असतात. त्यांना विरोधात ढकलून काही साधत नाही.

मग उपाय काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत बुडून होणाऱ्या मृत्यूंचा आकडा दरवर्षी ३५ हजारांच्या वर आहे. यात धबधबे, नद्या, विहिरी, शेततळी सगळं आलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडून होणारे मृत्यू रोखण्यासाठी एक आराखडाही जाहीर केला.

जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सुचवते, त्यातले तीन बीडसारख्या जिल्ह्याला थेट लागू पडतात: पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर अडथळे उभारणं, शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणं, आणि सामान्य लोकांना बचावाचं व श्वास पुन्हा सुरू करण्याचं प्रशिक्षण देणं. यातल्या कशालाही प्रचंड पैसा लागत नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यांमध्ये बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवलं जातं.

सौताड्यासारख्या जागी काय करता येईल? कड्याच्या काठापासून काही अंतरावर पक्कं रेलिंग. प्रवाहात पाण्याची पातळी दाखवणारा रंगवलेला खांब, लाल पट्टा बुडाला की प्रवेश बंद. दर काही अंतरावर दोर आणि ट्यूब. पावसाळ्यापुरते गावातलेच प्रशिक्षित तरुण मानधनावर. वरच्या गावांतून जोरदार पाऊस सुरू झाल्याचा निरोप खाली पोहोचवणारा साधा व्हॉट्सॲप ग्रुप आणि भोंगा. ऑलिंपिकच्या तुलनेत ही तयारी नगण्यच, पण 'धोका आहे' हे मान्य करून केलेली.

तुम्ही जात असाल तर

- पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर लगेच बाहेर पडा. वरून पाणी येतंय. सामान आवरत बसू नका.
- प्रवाहाच्या मधल्या खडकावर कधीही जाऊ नका. पाणी वाढलं, की परतीची वाट आधी बंद होते.
- अनोळखी डोहात सूर मारू नका. तळ दिसत नसेल, तर तो नाहीच असं समजू नका.
- दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ देऊ नका.
- वाहून जात असाल, तर उभं राहायचा प्रयत्न न करता पाठीवर व्हा, पाय पुढे ठेवा आणि तिरपं काठाकडे सरका.
- कोणी बुडत असेल, तर मागोमाग उडी मारू नका. दोर, ओढणी, लांब काठी, रिकामा पाच लिटरचा कॅन फेका. ११२ किंवा १०८ ला फोन करा.
- बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास थांबला असेल, तर प्रशिक्षण घेतलेल्याने तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं.

उडी न मारता जीव वाचवता येतो, याचं एक उदाहरण तमिळनाडूतलं. ऑगस्ट २०२० मध्ये पेरांबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै धरणात चार तरुण बुडत होते. काठावर असलेल्या तीन महिलांनी आपल्या साड्या सोडल्या आणि पाण्यात फेकल्या. दोघांना वाचवता आलं नाही, दोघं वाचले. मदत लांबून यायची वाट बघितली असती, तर कदाचित चौघंही गेले असते.

यंदा पावसाळ्यात सौताड्याची रील फॉरवर्ड करणार असाल, तर तिच्याखाली एक ओळ नक्की लिहिता येईल: पाणी गढूळ झालं, की मागे फिरा.